अपयशाला मिठी मारण्याचे रविवार

१ मार्च, रविवार

ठरलं. आता माघार नाही.

शुक्रवारी कारखान्यात एक ट्रेनर येऊन गेला. अंगात कोट, कॉलरला माइक आणि चेहऱ्यावर सकाळच्या वेळी न शोभणारा उत्साह. विषय: 'अपयशाला मिठी मारा'. बाकीचे सगळे मागच्या खुर्च्यांवर पेंगत होते. मी पुढे बसून टिपणं घेतली. मध्येच पेन थांबलं, त्यामुळे शेवटचे मुद्दे राहिले. पण गाभा कळला.

थोरलीला याचीच गरज आहे. वय दहा. पोहण्यात हुशार. हिवाळ्यातल्या स्पर्धेत आठजणींत सातवी आली आणि तेव्हापासून स्पर्धेचं नाव काढलं की तिच्या पोटात दुखतं. एरवी तलावावर नियमित जाते, पोहते, हसत घरी येते. पण वसंतातली स्पर्धा एप्रिलमध्ये आहे, पोहण्याच्या सरांकडे नाव मार्चअखेर द्यायचंय, आणि विचारलं की ही फक्त 'बघू' म्हणते. एवढीशी पोर 'बघू' म्हणते.

निदान: अपयशाची भीती. ती कुणाकडून आली हा संशोधनाचा विषय आहे. माझ्याकडून नाही.

उपाय: दर रविवारी सहकुटुंब सहल. जवळच, चालत जाता येईल अशी. झाडांना पालवी फुटलीये, हवा बरी आहे, कारण शोधावं लागणार नाही. प्रत्येक सहलीत मुलांना एक छोटंसं, सुरक्षित, आनंददायी अपयश मिळेल अशी व्यवस्था मी गुपचूप करणार. मार्चअखेर थोरली आपणहून नाव देईल.

बायकोला प्लॅन सांगितला. ती म्हणाली, नुसतंच बागेत गेलो तर नाही का चालणार? 'नुसतंच' या शब्दानेच घरं मागे राहतात. तिला तसं म्हणालो नाही. दमलेली होती.

४ मार्च, बुधवार

सराव म्हणून आजच सुरुवात केली. धाकट्याने दूध सांडलं. वय सहा, सांडण्यात तरबेज. एरवी मी आवाज चढवला असता. आज ट्रेनरने सांगितल्याप्रमाणे खाली वाकून, हसून विचारलं, छान, यातून आपण काय शिकलो?

तो म्हणाला, टेबल तिरकं आहे.

तपासलं. खरंच तिरकं आहे. एका पायाखाली पुठ्ठा घातला, मग दुसऱ्याखाली, मग पहिल्याचा काढला. तेवढ्यात त्याने प्रयोग म्हणून दुसरा पेला सांडून पाहिला. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, पोराला आधी फडकं द्या, मग तत्त्वज्ञान. सासूबाई डोळ्याच्या ऑपरेशननंतर आमच्याकडे आहेत. काळा चष्मा लावून बसतात, त्यामुळे कुठे बघताहेत ते कळत नाही. सगळीकडे बघताहेत असं धरून चालावं.

खरं म्हणजे या कामाला माझ्याइतका लायक माणूस सापडणार नाही. मी छत्र्यांच्या कारखान्यात तपासणीला आहे. प्रत्येक छत्री उघडायची, मिटायची, फवाऱ्याखाली धरायची, काडी वाकडी किंवा शिवण सैल दिसली की तिला लाल फीत बांधून बाजूला टाकायची. दिवसभर मी अपयशच हाताळतो. सवय आहे.

८ मार्च, रविवार

सहल पहिली. टेकडीवरची बाग. पतंग.

कारखान्यातून बाद झालेलं छत्रीचं कापड आणलं होतं, काड्याही बादच. कल्पना अशी: बाद मालाचा पतंग, तो उडणार नाही, मुलं हिरमुसतील, मग मी अपयशावर चार शब्द बोलेन. पण पतंग करायला बसलो आणि हाताला वाईट काम करवेना. शिवण दोनदा घातली. काड्या घासून सारख्या केल्या. असा पतंग न उडणं शक्यच नव्हतं, म्हणून ऐनवेळी प्लॅन बदलला: पतंग उडवू आणि बाद मालही कसा उडतो यावर चार शब्द बोलू.

वर पोचलो तेव्हा वारा झकास होता. फक्त गाठी एकदा तपासून घ्याव्यात म्हटलं. मग दोराही. दोरा तपासून होईपर्यंत वारा पडला. मुलं तोवर गवताच्या उतारावरून गडगडत खाली जायचा खेळ शोधून बसली होती. बायको झाडाला टेकून झोपली. मी पतंग धरून उभा होतो.

निघताना वारा आला. पतंग उडाला, खरोखर उडाला, आणि सरळ झाडात गेला. मुलांनी टाळ्या वाजवल्या. थोरली म्हणाली, कसला मस्त अडकलाय. धाकटा म्हणाला, आता तो पक्ष्यांचा.

चार शब्द बोलायची संधी होती. पण त्या वेळी मी शेंड्याकडे जाण्याचा मार्ग बघत होतो.

बायको म्हणते मी परतताना एक शब्द बोललो नाही. मी विचार करत होतो. थोरलीने वाटेत माझा हात धरला होता. लाडात आली असेल.

९ मार्च, सोमवार

कामावरून येताना सहज बागेत गेलो. कारखान्यातला लांब बांबू सहज बरोबर होता. झाडावर कचरा राहू नये एवढंच. माळी म्हणाला, झाडावर चढायला मनाई आहे. मी म्हटलं, चढत नाहीये, बांबूने काढतोय. तो म्हणाला, मग पाय कुठे आहेत बघा.

पतंग निघाला. दोन तुकड्यांत. कंबर धरली आहे. घरी पतंग दाखवला तर धाकट्याने विचारलं, पक्ष्यांना विचारून आणलास का.

१५ मार्च, रविवार

सहल दुसरी. तळं. वल्हवायच्या होड्या.

आजचा प्लॅन पक्का. शर्यत लावायची: एका होडीत मी आणि धाकटा, दुसरीत बायको आणि थोरली. मी मुद्दाम हरणार. हसत हरणार. बाप हसत हरतो हे मुलीने डोळ्यांनी पाहिलं की निम्मं काम झालं. हसण्याचा सराव सकाळी आरशासमोर केला होता.

पण मुद्दाम हरायचं तर आधी पुढे असावं लागतं. मी पुढे जाऊन मग हळूहळू मागे पडणार होतो. त्या दोघी सुरुवातीलाच पुढे गेल्या. म्हणजे मी हरायला लागलो होतो, पण मुद्दाम नाही. याला अर्थ नाही. म्हणून जोर लावला. होडी गोल फिरली. आणखी जोर लावला. आणखी गोल फिरली. धाकट्याला फार आवडलं, त्याने पुन्हा पुन्हा म्हणून गलका केला. शेवटी होडीवाल्याने आकडा टाकून आम्हाला ओढून घेतलं.

मी त्याला शांतपणे दाखवून दिलं की उजवं वल्हं टोकाशी घासलेलं आहे, आमच्याकडे असलं वल्हं तपासणीतून पुढे गेलं नसतं. काठावर बसलेल्या सासूबाई म्हणाल्या, नाचता येईना अंगण वाकडं. शेजारच्या बाकावरच्या अनोळखी कुटुंबाने विचारलं, हे तुमच्याबरोबर का? सासूबाईंनी चष्मा नीट केला आणि नाही म्हणाल्या.

मी पुन्हा एकदा शर्यत लावू म्हणालो. कुणी उठलं नाही.

एक गोष्ट मात्र मनाला लागली, चांगल्या अर्थाने. थोरलीने आपलं अर्धं आइस्क्रीम मला दिलं आणि म्हणाली, वल्हं खरंच खराब होतं रे बाबा. मोठी माणसं लहानांना सांगतात तशा सुरात. दुसऱ्याच्या अपयशाबद्दल सहानुभूती! प्लॅन काम करतोय.

हात वर होत नाहीत. बायकोने मलम लावलं. फक्त जरा जास्त जोरात चोळलं.

१८ मार्च, बुधवार

स्पर्धेचा विषय काढायचा नाही असं ठरवलंय. दबाव नको. फक्त तिचा पोहण्याचा चष्मा घासूनपुसून तिच्या टेबलावर ठेवला. शेजारी टोपी. आणि हिवाळ्यातल्या शर्यतीत ती नेमकी कुठे मागे पडली त्याचा मी तेव्हा काढलेला आलेख फ्रिजवर लावला. शोभा म्हणून.

संध्याकाळी पाहिलं तर आलेख उलटा करून तिने मागे घोडा काढला होता. घोडा चांगला आहे. पुढचा पाय थोडा आखूड आहे, तेवढं तिला सांगितलं.

तिने घोडाही काढून नेला.

२२ मार्च, रविवार

सहल तिसरी. दमलोय, थोडक्यात लिहितो.

नव्या बागेत झुडपांच्या उंच कुंपणांचा भूलभुलैया केलाय. वाट चुकणं म्हणजे नैसर्गिक अपयश, मला काही व्यवस्था करायची गरज नाही, म्हणून निवडला. मुलांना म्हटलं, चुका, खुशाल चुका, घाबरू नका. मुलं पळत आत गेली, चुकली, किंचाळली, एकमेकांवर आपटली आणि हसत बाहेर पडली. सासूबाईही बाहेर पडल्या. त्या तर काळ्या चष्म्यात.

मी पद्धतशीरपणे जात होतो. डावा हात सतत कुंपणाला लावून चालायचं, माणूस बाहेर पडतोच, हे शास्त्र आहे. मी त्याच एका बाकापाशी परत परत येत होतो. मुलं बाहेरून ओरडून सांगायला लागली, बाबा उजवीकडे, बाबा आता मागे. मी ऐकलं नाही. ते चीटिंग झालं असतं. थोरली आत येऊन म्हणाली, चल, मी नेते. तिलाही परत पाठवलं.

मग भोंग्यावर माझं वर्णन सांगितलं गेलं. निळा शर्ट, मध्यम उंची, हात कुंपणाला लावलेला. बाग बंद व्हायची वेळ झाली होती. रखवालदार येऊन मला घेऊन गेला. बाक बाहेरच्या वाटेला अगदी लागूनच होता.

सासूबाई म्हणाल्या, पडलं तरी नाक वर. पडलो नव्हतो. फक्त बाहेर पडलो नव्हतो.

घरी आल्यावर भूलभुलैयाचा नकाशा आठवून काढला. दोष आखणीत आहे.

जेवताना कुणाशी बोलावंसं वाटलं नाही. धाकटा मोठ्याने गाणं म्हणत होता. थोरलीने त्याला कोपराने ढोसलं आणि कानात काहीतरी सांगितलं. तो एकदम गप्प झाला आणि माझ्याकडे आजारी माणसाकडे बघावं तसं बघू लागला. मुलांना शिस्त लागते आहे.

२६ मार्च, गुरुवार

नाव द्यायला थोडेच दिवस उरलेत. सरांना फोन केला. सर म्हणाले, अहो, पोरगी तयार आहे, कोलांटी तर आता इतकी सुरेख घेते. भिंतीशी पोचल्यावर पाण्यातच कोलांटी घेऊन वळायचं असतं, त्याबद्दल म्हणत होते. मग भीती कसली, मी विचारलं. सर म्हणाले, तुम्ही तिलाच विचारा ना.

हे काय उत्तर झालं? यासाठी सर ठेवतात?

कारखान्यात आज एक चांगली छत्री बाद केली. नंतर लक्षात आलं. परत काढायला गेलो तर लाल फितीच्या ढिगात ती कुठली ते ओळखता येईना. असं आधी कधी झालं नव्हतं. झोप कमी पडते आहे.

२९ मार्च, रविवार

सहल चौथी. नदीकाठ. पाण्यावर टप्पे घेत जाणारे दगड फेकायचे असा बेत होता. माझा हात अजून खांद्याच्या वर जात नाही, म्हणून मी फक्त चपटे दगड निवडून देत होतो. धाकटा मी बाजूला टाकलेलेच दगड फेकत होता. ते बरे जात होते.

थोरली माझ्याजवळ येऊन बसली. पाय पाण्यात. मी ठरवलं होतं विषय काढायचा नाही, आणि काढला. म्हटलं, हरण्यात काही वाईट नसतं बाळा. अपयशाला मिठी मारायची असते. तू उगीच घाबरतेस.

तिने माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "मी नाही घाबरत बाबा. सातवी आले तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. माझी कोलांटी पहिल्यांदा नीट झाली होती. मी तेच सांगायला धावत आले तुझ्याकडे."

मला आठवत नव्हतं. खरंच आठवत नव्हतं. आठवत होतं ते एवढंच की सहाव्या आलेल्या मुलीचे हात आखूड होते आणि तरी ती पुढे गेली.

ती म्हणाली, "तू बोललाच नाहीस. घरी येऊन जेवला नाहीस. आम्ही सगळे हळू बोलत होतो. मला हरायला काही होत नाही. हरल्यावर तुला सांभाळावं लागतं, त्याचा कंटाळा येतो."

रागाने म्हणाली असती तर मी समजावलं असतं. ती रागावलेली नव्हती. दमलेली होती. दहा वर्षांच्या मुलीला मी इतकं दमलेलं पाहिलं नव्हतं.

धाकट्याने लांबून विचारलं, ताई, बाबा पुन्हा हरला का? म्हणजे हे असं म्हणतात. घरात असं म्हणायची पद्धत आहे आणि मलाच ठाऊक नाही.

मग तिने अट सांगितली. ती नाव देईल, मी यायचं नाही. मी म्हटलं, मागच्या रांगेत बसेन. नाही. दाराबाहेर उभा राहीन. नाही. रस्त्याच्या पलीकडे? ती म्हणाली, बाबा, तू पलीकडूनही हात हलवशील. तिला वाटतं मी बसल्या जागी तिच्याबरोबर पोहतो. बायकोला विचारलं, खरं का? ती म्हणाली, मागच्या वेळी शेजारच्या बाईंना लागलं होतं.

लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठे सांगणार नाही. फार लागलं. मुलं काहीबाही बोलतात हे खरं आहे, पण हे काहीबाही नव्हतं.

३१ मार्च, मंगळवार

नाव दिलं. बायको घेऊन गेली. म्हणजे मार्चअखेर थोरलीने आपणहून नाव दिलं. प्लॅन यशस्वी झाला असंच म्हणावं लागेल. प्रत्येक प्लॅनला काही किंमत असते.

५ एप्रिल, रविवार

सहल नाही. बायको मुलांना घेऊन नुसतीच बागेत गेली. मला बोलावलं होतं. मी पंख्याची पाती पुसत होतो. परत आल्यावर सगळे भुकेलेले आणि खुशीत होते. काय केलंत विचारलं तर कुणालाच सांगता येईना. काही केलंच नव्हतं म्हणाले.

१२ एप्रिल, रविवार

सकाळी. ते तिघे गेले. मी दारातून हात हलवला. एकदाच. साधा.

सासूबाई घरी थांबल्या आहेत. म्हणाल्या, डोळ्यांना पाण्याची चकाकी सोसत नाही. भूलभुलैयाच्या दिवशी भर उन्हात फिरत होत्या. त्यांना माझ्या राखणीला ठेवलंय हे कळायला मी दूधखुळा नाही.

थोड्या वेळाने. मी शांत आहे. सासूबाई म्हणाल्या, जावईबापू, खांदे खाली. बघितलं तर वर होते.

दुपारी. पत्ते खेळलो. हरलो. पुन्हा खेळलो, पुन्हा हरलो. त्यांना पत्ते जवळ धरून बघावे लागतात, त्यामुळे मला त्यांच्या पत्त्यांचा अंदाज येत नाही. तसं म्हणालो. त्यांनी पत्ते पुन्हा वाटायला घेतले. मी पाच मिनिटांसाठी दुकानात जाऊन येतो म्हणालो. त्या म्हणाल्या, दुकान तलावाच्या वाटेवर आहे. गेलो नाही.

संध्याकाळी. आले. थोरलीचे केस ओले, डोळे लाल, तोंडभर हसू. एका मुलीची टोपी पाण्यातच निघाली आणि ती तरीही पोहत राहिली, दोन मुली एकाच वेळी भिंतीला लागल्या आणि दोघींना हसू आलं, सरांची शिट्टी पाण्यात पडली. सगळं हातवारे करून सांगत होती. मी ऐकलं. सबंध ऐकलं. कितवी आलीस हे विचारलं नाही. विचारलं नाही हे इथे स्पष्ट लिहितो.

मग ती आपणहून म्हणाली, "चौथी आले, बाबा."

मी म्हटलं, वा. चांगलं झालं होतं ते वा. ना फार मोठं, ना पडेल. बायकोनेसुद्धा मान वर करून बघितलं. थोरली माझ्याशेजारी येऊन बसली आणि टॉवेलने केस पुसत कोलांटी कशी जमली ते सांगू लागली. हे मला पहिल्यांदाच सांगत होती. मला फार बरं वाटलं.

तिथेच उठून आत जायला हवं होतं.

मी विचारलं, तिसरीत आणि तुझ्यात अंतर किती होतं? फक्त माहिती म्हणून.

ती रागावली नाही. केस पुसायची थांबली. मग टॉवेल बाजूला ठेवून माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "थोडंसंच रे. होतं असं कधीकधी."

आणि आत जाऊन तिच्या आईला हळूच सांगितलं की पुढच्या वेळीही आजीला घरीच ठेवू या.